एचआरची खुर्ची आणि मनातली शंका

एचआरमध्ये मोठ्या पदावर पोहोचलेल्या आपल्या अनेक तरुणांना वाटते, ‘मी इथे शोभतो का?’ 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी कर्तबगार स्त्रियांमधील हीच भावना अभ्यासातून मांडली. शंका म्हणजे अपात्रता नव्हे.

हे क्षेत्र आपल्याला परके नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी बंधनकारक केला. आजच्या एचआरचे एक मूळ तिथे आहे.

म्हणून आपण सोडवलेल्या तक्रारी, केलेली भरती नोंदवून ठेवू. कामगार कायदे पक्के करू. नोकरी बदलली तरी ते ज्ञान सोबत राहते. आणि भरतीचे निकष मुलाखतीआधीच लेखी ठरवू, म्हणजे आडनाव पाहून निर्णय घेणे अवघड होईल.