समजून घ्या : चाकणला वीज, चंद्रपूरला धूर, चिमणीतला पारा रोखणार कसा?

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या एमआयडीसीत मोठे औष्णिक वीज केंद्र नाही. मात्र इथले प्रेस शॉप आणि वेल्डिंग रोबो ज्या ग्रिडवर चालतात, त्यातली बरीच वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि भुसावळच्या कोळशातून येते. तिथल्या चिमण्यांतून धुरासोबत पाराही बाहेर पडतो.

कोळशात पारा किती?
भारतीय कोळशात टनामागे साधारण ०.१ ते ०.२ ग्रॅम. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो. म्हणजे एका संचात रोज सुमारे एक किलो पारा जातो. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते.

तो पकडतात कसा?
राखेला चिकटलेला पारा ईएसपी, म्हणजे विद्युतभाराने राख ओढून घेणारी यंत्रणा अडवते. पाण्यात विरघळणारा पारा एफजीडीत, म्हणजे धुरातील सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेत अडकतो. मूलद्रव्य रूपातील पारा विरघळत नाही, तो निसटतो. त्यासाठी धुरात सक्रिय कार्बनची भुकटी सोडावी लागते किंवा ब्रोमीन वापरून पाऱ्याचे रूप बदलावे लागते.

नियम काय?
केंद्राने ७ डिसेंबर २०१५ रोजी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. मात्र २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांपैकी ती फक्त ५०० मेगावॅट आणि त्यावरील संचांना लागू आहे. त्यामुळे खापरखेड्याचे चार आणि चंद्रपूरचे दोन, असे २१० मेगावॅटचे जुने संच या मर्यादेबाहेर राहतात.

एफजीडीच्या सवलतीचा संबंध काय?
११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठी शहरे आणि प्रदूषित क्षेत्रांपासून १० किलोमीटरच्या बाहेर असलेल्या वीज केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. देशातील बहुसंख्य संच याच गटात आहेत. पाऱ्याची मर्यादा बदललेली नाही. पण एफजीडी बसणार नसेल, तर विरघळणारा पारा अडवणारा टप्पाही जातो. मग सगळी भिस्त ईएसपीवर राहते किंवा पाऱ्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो.

धोका कोणाला?
हवेतला पारा पावसाबरोबर तलाव-नद्यांत उतरतो. तिथे जीवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांमार्फत ताटात येते. सर्वाधिक धोका गर्भातील बाळाच्या मेंदूला असतो. जपानच्या मिनामाता येथे १९५६ मध्ये कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने हेच घडल्याचे समोर आले. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला. कोळशावरील वीज केंद्रांतील पारा कमी करणे हा त्याचा भाग आहे.

पिंपरी-चिंचवडकरांचा थेट संबंध?
कचरा जाळणारे प्रकल्पही या कराराच्या यादीत आहेत. मोशीत महापालिकेचा १४ मेगावॅटचा कचऱ्यापासून वीजनिर्मिती प्रकल्प आहे. त्याचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. फुटलेला सीएफएल, ट्यूबलाइट किंवा पाऱ्याचा थर्मामीटर सुक्या कचऱ्यात गेला, तर त्यातला पारा भट्टीत पोहोचू शकतो. त्यामुळे या वस्तू घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या ठेवून घंटागाडीत वेगळ्याच द्याव्यात. चंद्रपूरच्या चिमणीवर चाकणच्या ग्राहकाचा हात पोहोचत नाही, पण घरातल्या डब्यावर नक्की पोहोचतो.