घाटाखालचा मराठी मुलूख

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालं की सिल्लेवानी घाट लागतो. घाट उतरला की सौंसरची काळी जमीन सुरू होते. शेतांत कापूस आणि संत्र्याचे बगीचे दिसू लागतात. घरात, पारावर, बाजारात कानी पडते ती मराठी. नागपूरकडची, ‘काय करून राह्यला?’ असं विचारणारी. दुकानावरची पाटी मात्र बहुधा हिंदीत असते.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून जमिनीचा उतारा मागायचा तोही हिंदीत. लग्न, दवाखाना, संत्र्याचा बाजार यांसाठी मात्र पाय नागपूरकडेच वळतात. इथे मराठीशेजारी गोंडी आहे, भोयर पवारांची पवारी बोलीही आहे.

संत्र्याला इथे वर्षभर जपावं लागतं. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलम तयार होतं आणि फळ धरायला काही वर्षं जातात. मृग बहार हवा असेल तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस लांबला तर फूल येत नाही आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. आंबिया बहार हिवाळा सरताना फुलतो. त्याला उन्हाळाभर विहिरीचं पाणी पुरवावं लागतं. म्हणूनच इथल्या गप्पांत विहिरीच्या खोलीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

पोळ्याला बैल सजतात, तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात. पात्रात रोवलेल्या पळसाच्या शेंड्यावर झेंडा असतो. पांढुर्ण्याची माणसं तो काढायला धावतात, सावरगावची त्यांना दगडांनी अडवतात. ही गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असताना दोघं दगडांच्या माऱ्यात सापडली, अशी तिच्यामागची आख्यायिका आहे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात वाहिला जातो.

दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, रबरी चेंडू देऊन पाहिले. दगड थांबले नाहीत. पळस, झेंडा आणि चंडीमाता यांचा मान राखूनही दगड खाली ठेवता येतील, आणि ते ठेवायलाच हवेत. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराला परंपरेचं कौतुक सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आला. जामसावळीचा निजलेला हनुमान, ज्याच्या दर्शनाला विदर्भातून लोक येतात, तोही याच जिल्ह्यातला. जिल्हाधिकारी आता घाटाखालीच बसतो. त्याच्या कार्यालयात मराठी अर्जही घेतला जावा आणि गावच्या शाळेत मराठी शिकायची सोय असावी, एवढं या मुलखाचं मागणं रास्त आहे.