इंजिनाची थरथर : प्लग व तार

विहिरीवरील पेट्रोलचें इंजिन एकाएकीं हिसके देऊं लागलें, कीं आपण लागलीच मिस्त्रीकडे धांव घेतों. गेल्या उन्हाळ्यांत उभा ऊंस सुकत असतां मींहि इंजिन खोलविण्याचें ठरविलें होतें. दोष निघाला तो केवळ तारेंत. म्हणून पुढील क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

प्रथम पायाचे बोल्ट आवळावे. तरीहि थरथर राहून मधूनमधून ठोका चुकत असेल, तर ठिणगीचा संशय घ्यावा. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास प्रकृति ठीक समजावी. कोरडी काजळी असल्यास हवेची जाळी तुंबली असावी किंवा पेट्रोल अधिक जात असावें. तेलकट ओल असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संभव. पांढरेंफटक असल्यास इंजिन फाजील तापत असावें. टोंकांमधील फट बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते; ती इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावी.

प्लग निर्दोष निघाल्यास रात्रीं दिवा मालवून चालतें इंजिन दुरून न्याहाळावें. तारेवर निळी ठिणगी चमकल्यास वेष्टन फुटलें असें जाणावें. त्या तारेंत हजारों व्होल्टचा दाब असतो; हात मुळींच लावूं नये. इंजिन बंद करून तार नवी घालावी, चिंधी गुंडाळून भागवूं नये. एवढें करूनहि गुण न आल्यास मग मिस्त्रीस बोलवावें.