जाम कॅलिपर मोकळा करायचा क्रम: आधी पेडल, मग हवा, शेवटी ग्रीस गन



जुन्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर दुरुस्त करून देणं हा एका टेबलावर सुरू होणारा धंदा आहे. काही जुन्या मॉडेलचे नवे कॅलिपर सहज मिळतही नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. पण यात कमाई होते की नुकसान, ते एकाच गोष्टीवर ठरतं: जाम झालेला पिस्टन न बिघडवता बाहेर काढता येतो का? व्हिडिओत हात दिसतात, पण क्रम विसरायला होतो. म्हणून तो इथे लिहून ठेवतोय.

जाम का होतो?

डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. वर्षानुवर्षं ऑइल बदललं नाही की आतून गंज धरतो. बाहेरचं रबरी कव्हर फाटलं की पाणी आणि धूळ पिस्टनच्या कडेला बसते. मग एक चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते, पॅड लवकर संपतो.

पहिला उपाय: गाडीचंच पेडल

बरेच जण इथेच चुकतात. कॅलिपर आधी सोडवून आणतात आणि मग हातोडी-पकड घेऊन बसतात. तसं करू नका. गाडी स्टँडवर घ्या, पाईप जोडलेलाच ठेवून कॅलिपर डिस्कवरून काढा, पॅड काढा आणि पेडल हळूहळू दाबा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर डिस्कवरच राहू द्या, नाहीतर तिकडचा मोकळा पिस्टन आधी बाहेर येईल. टाकीत ऑइल भरत राहा, खाली ट्रे ठेवा.

जोरात दाबलेल्या पेडलने ५० बारच्या वर दाब तयार होऊ शकतो. कॉम्प्रेसर देतो ७-८ बार. शिवाय ऑइल दबत नाही, त्यामुळे पिस्टन सावकाश सरकतो.

दुसरा उपाय: हवा, पण जपून

कॅलिपर आधीच सुटून आला असेल तर हवा वापरावी लागते. ४८ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस सेंमी. ७ बारला त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास जोर येतो. दबलेली हवा सुटली की पिस्टन गोळीसारखा उडतो. समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, दाब कमीपासून वाढवा, डोळ्यांना चष्मा लावा. बोटं मध्ये कधीच घालू नका.

तिसरा उपाय: ग्रीस गन

हवेने हलला नाही तर पाईपच्या आट्यांना बसेल असा जोड लेथवर करून घ्या, ब्लीडर निपल बंद ठेवा आणि ग्रीस भरा. दाब प्रचंड मिळतो आणि पिस्टन उडत नाही. नंतर ग्रीसचा कणही आत ठेवू नका, कारण पेट्रोलियम ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं. सील नेहमी नवीन किटचेच टाका.

निपल अडकला तर?

उघड्या तोंडाच्या पान्याने कडा झिजतात. सहा कोनी बॉक्स पाना घ्या. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा. आधी किंचित आवळून मग सोडा. तरीही नाही सुटला तर रबर काढून भोवतालची बॉडी गरम करा. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर मात्र ज्योत नको, विषारी वायू होऊ शकतो.

ठेवायचा की टाकायचा?

बहुतेक कॅलिपरमध्ये सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि पिस्टन त्यावरून सरकतो. म्हणून पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टन बदला, पॉलिश पेपरने घासून चालवू नका. सीलची खाच स्वच्छ करा. खाचच गंजून खाल्ली असेल तर कॅलिपर भंगारात.

जोडल्यावर हवा काढा, पेडल मिनिटभर जोरात दाबून गळती बघा, सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं का बघा. मगच रिकाम्या जागेत हळू चालवून तपासा.

धंद्याचं गणित

खोलून बघण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि ती आधीच सांगा. "खोलल्यावर कळेल, खराब निघाला तर देणार नाही," हे स्पष्ट बोला. भंगारात जाणाऱ्या कॅलिपरमागे गेलेला वेळसुद्धा दरात धरा. दोनशे रुपयांसाठी खड्डे पडलेला पिस्टन परत बसवलात, तर त्या गाडीत कुणाचं तरी अख्खं कुटुंब बसणार आहे. "नाही" म्हणायला शिका, गिऱ्हाईक त्यामुळेच परत येतं.