हौसेला मोल असते!

डिसेंबर उजाडला की युरोप-अमेरिकेतली मुले सांताक्लॉजला पत्र लिहायला बसतात. पत्रावर नाव सांताचे असले तरी ते वाचायचे आणि त्यातली यादी पुरवायची आईबापांनीच. गॅलप ही संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या प्रौढांना विचारते, की यंदा नाताळच्या भेटवस्तूंवर किती खर्च करणार? २०२४च्या ऑक्टोबरात याचे सरासरी उत्तर आले १,०१४ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पंच्याऐंशी हजार रुपये. या आकड्यात काका, मावशी, शेजारी, मित्र सगळ्यांच्या भेटी आल्या. तरी घरात लहान मूल असेल तर या पैशांचा ओघ कुठे जातो, हे वेगळे सांगायला नको. लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात जाऊन तिथल्या वस्तूंची मोजदाद करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी नोंदवले आहे, की जगातल्या मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मुले अमेरिकेत राहतात, आणि जगात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी चाळीस टक्के खेळणी तिथे खपतात.

खर्च कुणी किती करावा हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे, त्यात वैद्यकशास्त्राने नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. पण या खर्चाला मुलाच्या वाढीची, आईबापांच्या झोपेची आणि कधी कधी थेट अपघात विभागाची बाजू आहे. त्यावर बरेच काम झाले आहे आणि ते नाताळाइतकेच दिवाळीला, वाढदिवसाला आणि आपल्याकडच्या मॉलमधल्या सांतालाही लागू पडते.

मुळात ही यादी मुलाच्या डोक्यात येते कुठून? इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांनी सांताला लिहिलेली पत्रेच गोळा केली आणि ती मुले किती टीव्ही पाहतात याच्याशी ताडून पाहिली. जाहिराती असलेल्या वाहिन्या जास्त पाहणाऱ्या मुलांच्या याद्या लांब होत्या आणि त्यांत ठरावीक ब्रँडची नावे अधिक होती. एकट्याने टीव्ही पाहणाऱ्या मुलांच्या मागण्या तर आणखी वाढलेल्या दिसल्या. शेजारी आई, आजोबा किंवा मोठी बहीण बसलेली असेल, तर "अरे, हे असले काही चालत नाही, दोन दिवसांत मोडतं" असे एखादे वाक्य कानावर पडते. एकट्या मुलाला तेवढाही उतारा मिळत नाही. याच अभ्यासात स्वीडनमधल्या मुलांचा एक छोटा गट होता. त्या देशात बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे. तिथल्या मुलांनी सांताकडे मागितलेल्या वस्तू इंग्लंडच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. गट लहान होता, तेव्हा त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी केलेला प्रयोग जास्त पक्का आहे. दोन शाळांपैकी एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करण्याचे धडे सहा महिने दिले. शेवटी त्या मुलांनी आईबापांकडे खेळणी मागण्याचे प्रमाण दुसऱ्या शाळेच्या तुलनेत सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी भरले. आता टीव्हीची जागा फोनने घेतली आहे आणि त्यावर खोक्यातून खेळणे बाहेर काढणारे दुसरेच मूल तासन्‌तास दिसते. ही जाहिरात आहे हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. बऱ्याचदा मोठ्यांनाही कळत नाही.

यादी पुरवली, खोकी उघडली, पुढे काय? ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांची ३६ मुले एका खोलीत एकेकटी खेळायला सोडली. एकदा चार खेळणी ठेवून आणि एकदा सोळा खेळणी ठेवून, दोन्ही वेळा पंधरा मिनिटे. सोळा खेळण्यांच्या खोलीत मूल एक उचलायचे, टाकायचे, दुसऱ्याकडे वळायचे. चार असताना तेच मूल एका खेळण्यापाशी जास्त वेळ रमले आणि त्या एकाच खेळण्याशी अधिक तऱ्हांनी खेळले: ठोकून पाहा, आत काहीतरी लपव, दुसऱ्यावर रचून बघ, बाहुलीला भरव. या वयात लक्ष एकाग्र करणे ही शिकायची गोष्ट असते, आणि ती अशा रेंगाळण्यातूनच शिकली जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा घरगुती अर्थ सरळ आहे. आलेल्या खेळण्यांपैकी चारच बाहेर ठेवावीत, उरलेली माळ्यावर टाकावीत आणि महिन्याभराने अदलाबदल करावी. महिन्याने खाली आलेले खेळणे मुलाला नवे कोरे वाटते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

महागड्या खेळण्यांबद्दलचा दुसरा समज म्हणजे बोलणारे, गाणारे, दिवे लावणारे खेळणे मुलाला लवकर बोलायला शिकवते. खोक्यावर तसे छापलेलेही असते. ॲरिझोनातल्या एका संशोधिकेने दहा ते सोळा महिन्यांच्या २६ बाळांच्या घरी तीन संच दिले. एकात बाळांचा लॅपटॉप, बोलणारे फार्म, खेळण्यातला फोन. दुसऱ्यात लाकडी कोडे, ठोकळे, आकार बसवायचा डबा. तिसऱ्यात जाड पानांची पुस्तके. खेळताना आईबाप किती बोलतात, हे ध्वनिमुद्रित केले. पुस्तक हातात असताना पालकांच्या तोंडून मिनिटाला सुमारे ६७ शब्द निघाले, साध्या खेळण्यांबरोबर ५६ आणि बोलणाऱ्या खेळण्यांबरोबर ४०. खेळणे बोलू लागले की आई गप्प होते, इतकी साधी ही गोष्ट आहे. मुलाची भाषा मात्र आपल्या हुंकाराला कुणीतरी उत्तर देते आहे, या देवाणघेवाणीतून वाढते आणि ते काम बॅटरीला जमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८च्या अखेरीस खेळण्यांविषयी जी सूचनापत्रिका काढली, तिचाही रोख हाच होता: उत्तम खेळणे म्हणजे ज्याच्या निमित्ताने मोठे माणूस मुलाजवळ बसते, ते. वसईत किंवा गोव्यात नाताळाच्या आधी मुले माती, गवत, जुनी खोकी आणि पुठ्ठा जमवून गोठा उभा करतात. आपल्याकडची मुले दिवाळीत किल्ला करतात. त्यात चार दिवस हात बरबटतात, भांडणे होतात, कुणाचा बुरूज ढासळतो आणि मग थोरल्यांना मध्ये पडावेच लागते. त्या पत्रिकेत जे जे सांगितले आहे, ते सगळे यात आपसूक होते.

इथवर वाचून 'मग द्यायचेच कशाला एवढे' असे म्हणणे सोपे आहे. पण हा उपदेश ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांनाच परवडतो. ॲलिसन प्यू या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही वस्त्यांतल्या मुलांत आणि पालकांत तीन वर्षे वावरून २००९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे. मुलांना वस्तू हवी असते ती बहुतेक वेळा मधल्या सुट्टीतल्या गप्पांत सामील होता यावे म्हणून. सगळे ज्या खेळाबद्दल बोलत आहेत तो आपल्याकडे नसेल, तर मूल त्या घोळक्यात असूनही नसल्यासारखे होते. गरीब आईबापांना हे पक्के ठाऊक असते, कारण त्यांच्या लहानपणी ते त्यांनी भोगलेले असते. म्हणून दूधपाण्याच्या खर्चाला कात्री लावून ते नेमकी ती एक वस्तू आणतात. सुखवस्तू पालकांचे उलटे. ते जवळपास सगळे घेऊन देतात आणि एखादी गोष्ट मुद्दाम नाकारून 'आमच्याकडे हे चालत नाही' असे अभिमानाने सांगतात. गरीब बापाने घेतलेले महागडे खेळणे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर चाळावे. 'एवढ्याची काय गरज होती' हा प्रश्न रुग्णालयाच्या खाटेशेजारीही विचारला जातो, आणि बहुतेकदा चुकीच्या माणसाला.

अडचण सुरू होते ती पैसे उसने आणल्यावर. ऋण काढून सण करू नये हे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. क्रेडिट कार्ड आणि नो कॉस्ट ईएमआयने ऋण काढण्याची लाज तेवढी घालवली, ऋण होते तिथेच आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विनातारण कर्ज डोक्यावर असलेल्या लोकांत मानसिक आजाराचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक आढळले. कर्जामुळे आजार की आजारामुळे कर्ज, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. दोन्ही घडत असणार. पण हप्त्याच्या तारखेच्या आधी झोप उडालेला बाप, जेवण टाळणारी आई आणि लहानसहान कारणावरून घरात होणारी खेकसाखेकसी मुलाला कळते. खेळण्याची किंमत त्याला कळत नसली तरी घरातला ताण त्याला नेमका कळतो. पोटदुखी, डोकेदुखी, अंथरूण ओले होणे अशी कारणे घेऊन मूल दवाखान्यात येते, तपासण्या सगळ्या बऱ्या येतात, आणि खोदून विचारल्यावर कुठेतरी पैशाची गोष्ट निघते.

खर्चाला दुसऱ्या बाजूनेही धोका आहे. महाग नको म्हणून रस्त्यावरचे स्वस्त, बिननावाचे, दिवे लुकलुकणारे खेळणे घेतले जाते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ साली दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळणी उचलून तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षेच्या कसोटीत नापास झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, ते याच पार्श्वभूमीवर. हे चिन्ह नसलेल्या खेळण्याच्या भडक रंगात शिसे असू शकते, आणि लहान मुलाचे आतडे मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते.

सगळ्यांत वाईट वस्तू मात्र दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी असते. दिवे लागणाऱ्या टोप्या, गाणी म्हणणारी शुभेच्छापत्रे, छोटे रिमोट, चमकणारे भोवरे यांच्या पोटात बटणासारखी चपटी बॅटरी असते. तिच्यावर बहुधा २०३२ हा आकडा असतो. त्यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. वीस मिलिमीटरची ही चकती छोट्या मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमकी बेताची आहे. अडकली की ओल्या आवरणातून वीज वाहू लागते, बॅटरीच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो आणि अन्ननलिका भाजू लागते. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. खेळणे चालवायला जी बॅटरी 'संपली' म्हणून बाजूला काढून ठेवली, तिच्यातही एवढ्या इजेपुरती वीज शिल्लक असते. मुलाने ती गिळताना बहुतेक वेळा कुणी पाहिलेले नसते. मूल लाळ गाळते, खायला नकार देते, खोकते, किरकिर करते आणि घरचे सर्दी म्हणून दोन दिवस काढतात. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखीच दिसते. नीट पाहिले तर कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, आणि ते दिसले की एक मिनिट वाया घालवायचे नसते. बॅटरी काढल्यावरही धोका टळत नाही. भाजलेली जागा शेजारच्या महारोहिणीपर्यंत झिजत गेली तर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी अचानक रक्ताची उलटी होते. अमेरिकेत दीड वर्षाची एक मुलगी अशीच गेली. तिच्या नावाने २०२२ मध्ये तिथे कायदा झाला, आणि आता अशा वस्तूंच्या बॅटरीचे झाकण मुलांना उघडता येऊ नये अशी तजवीज करणे कारखानदारांवर बंधनकारक आहे.

बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला ज्या रुग्णालयात क्ष-किरण आणि दुर्बीण दोन्ही आहेत तिथे थेट न्यावे. उलटी करवू नये, भात किंवा केळे भरवू नये. मूल एक वर्षाच्या वरचे असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, असे सहा वेळांपर्यंत. मधाच्या लेपाने आणि सौम्य आम्लाने भाजण्याचा वेग कमी होतो. पण मध आणायला म्हणून दहा मिनिटे घरी थांबू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंचा त्या वयात धोका असतो. एकापेक्षा जास्त चुंबक गिळले असतील तरीही घाई तेवढीच, कारण आतड्याच्या दोन वेढ्यांमधून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिरडून भोक पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात आणि क्ष-किरणात सहसा दिसत नाहीत.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी आलेल्या भेटीतला जो तुकडा साधारण तीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत पूर्ण मावतो, तो श्वासनलिकेच्या दृष्टीने लहानच. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच उचलावेत. आणि खोके उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघावे. स्क्रू नसेल तर ते खेळणे, कितीही हजारांचे असो आणि कुणीही दिलेले असो, मुलाच्या हाती लागण्याआधी परत खोक्यात जावे.