पडद्यावरचा तुरुंग आणि आपला बांध



पेरणी, फवारणी आणि बियाण्याच्या उगवणीवर लिहिणारा माणूस आज सिनेमाकडे कसा वळला, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण कळंब तालुक्यातल्या एका गावी घडले. शेतकऱ्यांची बैठक आटोपून मी पारावर बसलो होतो. शेजारी चार तरुण पोरे एका मोबाईलवर माना घालून जुना ‘कालिया’ पाहत होती. चित्रपट १९८१ सालचा, म्हणजे त्या पोरांच्या जन्माआधीचा. तरी अमिताभ आणि जेलर झालेला प्राण समोरासमोर आले, की चौघेही श्वास रोखून बसत. मी म्हणालो, “अरे, याचा शेवट तर साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे!” एकजण मान वर न करता म्हणाला, “म्हणून तर बघतोय, सायेब.”

हे उत्तर मला पटले, कारण मीही त्यातलाच. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा आम्ही पोरे वडिलांचा सदरा ओढून पैसे मागत असू. खाली मातीत बसायचे, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटले की साऱ्या तंबूत शिट्ट्या. तुरुंगाचा सिनेमा असला की गर्दी हमखास. गज, बेड्या, दगड फोडणारे कैदी, भोंगा आणि शेवटी उंच भिंतीवर फेकलेला दोर. नायक भिंतीवरून पलीकडे गेला, की दिवसभर उन्हात चालून आलेली माणसे आपणच सुटल्यासारखी टाळ्या वाजवीत.

असे का होते, याचा कधी विचार केला आहे? मला सुचते ते सांगतो. सिनेमातल्या कैद्याची भिंत दिसते, हात लावता येतो, मोजता येते. आपल्या भिंती दिसत नाहीत. सोसायटीचा हप्ता, ऐन फुलोऱ्यात पावसाने दिलेली ओढ, आडतीवर पडलेला भाव, मुलीच्या लग्नाची काळजी. यांना दोर कुठे टाकावा? पडद्यावर मात्र तीन तासांत हिशेब चुकता होतो. दुसरे म्हणजे तुरुंगात श्रीमंत-गरीब, मोठ्या वाड्याचा आणि झोपडीचा असा भेद उरत नाही. एका ताटात भाकरी मोडणारे दोघे अखेरपर्यंत एकमेकांना सोडत नाहीत. आणि तिसरे म्हणजे डोके. ‘शोले’त (१९७५) जय-वीरू लाकडी पिस्तुलाच्या धाकावर तुरुंगातून निसटतात. बळापेक्षा युक्ती मोठी, हे आपल्या माणसाला फार आवडते.

आवडणारच. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याच्या पहाऱ्यातून निसटले, ती गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. आपल्या वाडवडिलांच्या काळातले उदाहरणही आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. दोन साथीदारांना प्राण गमवावे लागले आणि दादांच्या खांद्यात गोळी शिरली. पुढे तेच दादा राज्याचे मुख्यमंत्री झाले. बाहेरच्या जगातही हेच दिसते. १९६३ सालचा ‘द ग्रेट एस्केप’ हा इंग्रजी चित्रपट महायुद्धातल्या खऱ्या घटनेवर आहे. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मनांच्या छावणीतून भुयार खणून ७६ युद्धकैदी बाहेर पडले. त्यांपैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. पडद्यावर थरार वाटतो. प्रत्यक्षात तो माणसांच्या जिवाचा हिशेब असतो.

पण या साऱ्या तुरुंगपटांत शेतकऱ्याने एकदा तरी पाहावाच असा चित्रपट वेगळाच आहे. तो म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’. कथा आपल्या ग. दि. माडगूळकरांची. आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी घेऊन माळावर जातो. ना बेड्या, ना भिंत. पडीक जमीन नांगरायची, भाजीपाला पिकवायचा आणि स्वतः बाजारात नेऊन वाजवी भावात विकायचा. मग व्यापाऱ्यांचे पित्त खवळते. मारहाण होते. पण हात उचलणार नाही, हा शब्द कैदी पाळतात. शेवटी उभे पीक तुडवायला बैल सोडले जातात आणि ते वाचवताना आदिनाथचा जीव जातो. बैलाच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरीच इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

यातला मळा कल्पनेतून उगवलेला नाही. पंढरपूर-सांगोल्याच्या पलीकडे, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर यांनी १९३९ च्या सुमारास तिथे खुल्या कारागृहाचा प्रयोग उभा केला. कैद्याने बायकामुलांसह राहावे आणि शेती करावी. माडगूळकर त्याच मुलखातले, म्हणून त्यांना ही गोष्ट दिसली. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे आणि तिथेही कैदी शेतीच करतात. माणूस सुधारायला मातीसारखी शाळा नाही, हे राजालाही पटले होते आणि सरकारलाही पटले.

आता मुद्द्याचे. आपल्या खेड्यातला माणूस तुरुंगात जातो तो दरोडा घालून नव्हे. बहुतेक वेळा जातो तो बांधापायी. माझ्या कामाच्या टापूत असा एक शेतकरी आहे. नाव सांगत नाही. शेजाऱ्याने नांगरताना दोन तासे बांध कोरला, यावरून बोलाचाली झाली, कुऱ्हाडीचा दांडा उचलला गेला आणि शेजारी दगावला. तरुणपणीची कित्येक वर्षे आत गेली. मागे बायकोने शेत बटाईने दिले आणि दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून मुले वाढवली.

तो सुटून आला त्या वर्षी मला त्या गावात सोयाबीन-तुरीचे प्रात्यक्षिक घ्यायचे होते. त्याची जमीन रस्त्यालगत, उताराची, प्रयोगाला अगदी योग्य. त्याने स्वतः येऊन विचारले. पण गावातले काही म्हणाले, “सायेब, त्याच्या रानात आम्ही पाय ठेवणार नाही.” मी कच खाल्ली. प्रात्यक्षिक दुसऱ्याला दिले. तो काही बोलला नाही. जाताना एवढेच म्हणाला, “सायेब, पिच्चरमधी भिंत वलांडली की खेळ खलास. माझा तर भाईर आल्यावर सुरू झाला.”

ते वाक्य वर्षभर माझ्या मागे लागले. दुसऱ्या वर्षी गावाला न विचारता त्याच्याच रानात रुंद वरंबा-सरीवर पेरणी करवून घेतली. ऑगस्टात पावसाने ओढ दिली. सरीत मुरलेल्या ओलीवर त्याचे पीक तगून राहिले, शेजारची रानेच्या राने माना टाकून होती. मग लोक आले. आधी रस्त्यावरून पाहिले, मग आत शिरले. एके दिवशी मेलेल्या शेजाऱ्याचा पुतण्याही आला. आत आला नाही. बांधावर उभा राहिला, हात लांबवून एका झाडाच्या शेंगा मोजल्या आणि निघून गेला. ज्या बांधापायी दोन घरे उद्ध्वस्त झाली, तोच तो बांध.

म्हणून वाचकहो, सिनेमा जरूर पाहा, पण बांधाचा निकाल सिनेमातल्यासारखा लावू नका. हद्दीची शंका आली की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, सर्वांसमक्ष मोजणी होते आणि खुणा कायम होतात. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी कुणी अडवले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा. तुमच्या गावची तंटामुक्ती समिती कामाची असेल, तर आधी तिच्यापुढे बसा. भगिनींनो, घरातला माणूस आत असला तर खचू नका. महिलांना आणि कोठडीतल्या कैद्यालाही विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. मोजणीची फी भरताना जीवावर येते खरे, पण कोर्टाच्या तारखांपुढे ती चिल्लर आहे.

आणि एखादा शिक्षा भोगून गावात परत आला असेल, तर त्याला हाक मारा. औताला बैल मागितला तर द्या, मजुरीला बोलवा. कायद्याने सांगितलेली वर्षे त्याने भोगली आहेत. गावाने त्यात आपली भर घालू नये. मी एक वर्ष घातली, ती मला अजून सलते.

यंदा त्या शेतकऱ्याच्या रानात शेतीशाळा भरणार आहे. पुतण्यालाही निरोप धाडला आहे. बघू, बांध ओलांडून येतो का.