क्लिफर्डचं जहाज आणि मढचा दर्या

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं, वरचेवर डागडुजी झालेलं. मालकाला शंका येते, पण प्रवाशांना देव सांभाळील अशी तो स्वतःची समजूत घालतो. जहाज बुडतं. ते तरलं असतं तरी मालक तितकाच दोषी, असं क्लिफर्ड म्हणतो, आणि पुढे थेट नियम घालतो: पुरेशा पुराव्यावाचून काहीही मानणं नीतीला सोडून आहे.

हा नियम मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्याला लावून पाहावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी दुरुस्त होतात. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. इथे हरबादेवीचं देऊळ आहे. शेजारी एरंगळला पोर्तुगीज काळातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे आणि जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथल्या जत्रेला हिंदूही जातात. क्लिफर्डच्या नियमाने हे सगळेच दोषी. पण इथे नारळ डागडुजीची जागा घेत नाही, डागडुजी झाल्यावर तो वाहिला जातो. जहाजमालकाचा गुन्हा देव मानण्यात नव्हता, देवाच्या भरवशावर तपासणी टाळण्यात होता. दाखला पटतो, पण त्यावर रचलेला नियम दाखल्यापेक्षा फार मोठा आहे.

यावर क्लिफर्डचं उत्तर तयार आहे: पुराव्याविना मानायची सवय लागली की ती सगळीकडे पसरते. हा आक्षेप हलका नाही. पण भरती-ओहोटी, वारा, जाळं यांबाबत कोळ्याइतका पुराव्याला चिकटून राहणारा माणूस विरळा. त्याच्या श्रद्धेने ही सवय मोडलेली नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर देताना दाखवलं, की काही निर्णय पुराव्याची वाट पाहत थांबत नाहीत. तेही मला पटतं. मात्र दुसऱ्याचा जीव पणाला लागला असेल तिथे ही सवलत मिळू नये. आपल्याकडेही हीच सीमा दिसते: इंग्रज विचारवंत मिल आणि स्पेन्सर पचवलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारक’ या पत्रात रोख ठेवला तो बालविवाह आणि विधवांच्या हालांवर, ईश्वराचं कोडं सुटेपर्यंत ते थांबले नाहीत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही देव मानणं हा गुन्हा नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोऱ्यांवर ठेवणं, हा मात्र आहे.